खाऱ्या पाण्याच्या आत्या

घर भाड्यानं मागायला आलेल्या माणसाला आत्या नोकरी, गाव, पगार यांतलं काहीच विचारत नसत. पाण्याचा पेला पुढं करत आणि समोरच्यानं पहिला घोट घेतला की म्हणत, "तुमच्या घरी पयले कोन रागावते?"

आम्ही तिघं गेलो होतो. मी, माझा नवरा आणि सासूबाई. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. नवरा रेल्वेत, मालगाडीवर गार्ड. नागपूरहून दुर्गला बदली होऊन आलेला. मला शेजारच्या भिलाईत, सेक्टर दहामधल्या एका शाळेत शिकवायचं काम मिळालं होतं, आणि सासूबाई गोंदियाकडचं गाव सोडून आमचा संसार लावून द्यायला आल्या होत्या. प्रश्न ऐकून नवरा पंख्याकडे बघू लागला. मी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी माझ्याकडे. आत्यांनी आम्हा दोघींना नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "दोघीबी मोठ्या जातीच्या हाये. मागचा भाग घ्या, त्याले खोल्या जास्त हाये."

सासूबाई त्या दिवशी रस्ताभर खूश होत्या. ही जात माशांची, हे कळायला आम्हाला महिना लागला.

भिलाईतल्या खुर्सीपारमध्ये दुकानांची दाटी संपून जरा मोकळी घरं लागतात, तिथं आत्यांचं घर होतं. त्या नेमक्या कोणाच्या आत्या, हे कोणालाच सांगता येत नसे. वडील रेल्वेतले, भंडाऱ्याकडचे. आत्या स्वतः पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. लग्न केलं नव्हतं. कोणी त्याबद्दल विचारलंच तर म्हणत, "वेळच नाही भेटला. भट्टीचं सॅम्पल दर पाळीले ये."

त्यांच्या बैठकीत सोफा नव्हता, टीव्ही नव्हता. एका भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेची टाकी होती आणि तिच्यासमोर शाळेत असतं तसं एक लांब बाकडं. पाहुण्यानं टाकीकडे पाठ करून बसायचं नाही, एवढा एकच शिष्टाचार तिथं पाळावा लागे. टाकीत समुद्राचं पाणी होतं. म्हणजे भिलाईचंच पाणी, आधी गाळून शुद्ध केलेलं आणि मग समुद्री मीठ घालून आत्यांनी समुद्राचं केलेलं. त्या पाण्यात पाच एंजल मासे राहत.

एंजल मासा म्हणजे काय, हे मी तिथंच पाहिलं. बशीसारखा उभा, चपटा आणि रंग असे की लुगडी विणणाऱ्यानं हात टेकावेत. सगळ्यात मोठा निळ्या अंगावर पिवळ्या रेघांचा, डोळ्यांवर काळी पट्टी बांधल्यासारखा. त्याला आत्या 'साहेब' म्हणत. खांद्याजवळ निळं कडं असलेली ती 'बांगडी'. अंगावर पिवळी कोर असलेला 'चांद'. आणि दोन बुटके: तांबडाभडक 'निखारा' आणि सगळ्यांत भित्री 'जांभळी'. माशांच्या पेट्या चेन्नईहून रेल्वेनं दुर्गला येत. आत्या स्वतः स्टेशनवर जात आणि परतताना ऑटोत पेटी मांडीवर घेऊन बसत.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी साहेबाला पाहिलं तेव्हा त्यांनी मनापासून विचारलं, "रस्सा करतेत की तळतेत याचा?" त्या तलावांच्या मुलखातल्या, मासा म्हटलं की त्यांना आधी कढईच दिसायची. आत्यांना राग आला नाही. उलट त्यांनी हा मासा समुद्रात खडकाखडकानं हिंडून काय खातो, त्याचं मांस कसं असेल, याची अगदी गंभीरपणे चर्चा केली आणि शेवटी म्हणाल्या, "खानं होते वैनी. पन मग पाहाले काय राह्यते?"

गंमत म्हणजे आत्यांना समुद्र आवडत नसे. कारखान्याच्या सहलीत एकदा पुरीला गेल्या होत्या. तिथला समुद्र लय आवाज करते, त्यात काही दिसत नाही आणि पायाखालची वाळू ओढून नेते, अशी त्यांची तक्रार होती. त्यापेक्षा घरचा बरा. त्यांच्या चष्म्याच्या काड्यांवर, घड्याळाच्या पट्ट्यावर, ओच्यावर मिठाचे पांढरे डाग असत. पाणी तपासायची सगळी उपकरणं त्यांच्याकडं होती, तरी मोजमाप झाल्यावर करंगळी बुडवून जिभेला लावत. यंत्र खोटं बोलत नाही, पण जिभेलाही विचारून घ्यावं, असं त्यांचं म्हणणं. दिवसभर समुद्र चाखल्यामुळं असेल, त्यांच्या हातची भाजी मात्र नेहमी अळणी असायची.

माशांचं खाणं झाल्याशिवाय त्या जेवत नसत. सकाळी पालकाची पानं उकळत्या पाण्यातून काढून, दगडाला दोऱ्यानं बांधून टाकीत सोडायच्या आणि पाचही जण टोचून टोचून खाताना बाकड्यावर बसून बघायच्या. चेन्नईच्या दुकानदारानं त्यांना पहिल्याच वेळी बजावलं होतं की एका टाकीत एकच एंजल ठेवा. समुद्रात प्रत्येकाचा आपापला खडक असतो, दुसरा आला की जीव जाईस्तोवर मारतात. आत्यांनी ते ऐकून घेतलं आणि दुसरा मागवला. मग तिसरा.

त्यांचे नियम त्या कोणालाही सांगत, दूधवाल्यालाही. लहान आणि भित्रा असेल त्याला आधी सोडायचं, दांडगा शेवटी. एकसारख्या रंगाचे दोन आणायचे नाहीत. पोट भरलेलं ठेवायचं. नवीन येणाऱ्याला आधी जाळीच्या टोपलीत, सगळ्यांसमोर पण सगळ्यांपासून लांब. कोणी फारच अंगावर जायला लागला तर काचेला बाहेरून आरसा लावायचा. तो स्वतःशीच भांडून दमतो. आणि सगळ्यांत मोठा नियम बिळांचा. "बिळं माशांपेक्षा जास्त पायजे," त्या म्हणत. "ज्याले लपाले जागा हाये तो कावून भांडन?"

बिळांसाठी दगड नंदिनीचे. नंदिनी नगरला चुनखडीच्या खाणी आहेत आणि चुनखडी खाऱ्या पाण्याला मानवते. खाणीतून निवृत्त झालेले एक छत्तीसगढी गृहस्थ तिथून दगड आणून देत. आम्ही त्यांना नंदिनीकाका म्हणत असू. उंच, अबोल, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मोटरसायकलच्या मागं पोत्यात बांधलेला दगड घेऊन ते फाटकाशी उभे राहत आणि दर वेळी तेच वाक्य म्हणत, "मॅडम, पथरा लाय हंव." मग दोघं अंगणात त्या दगडाभोवती उकिडवे बसत. आत्या मराठी-हिंदीत बोलत, काका छत्तीसगढीत, आणि दगडाला भोक कुठं पाडायचं यावर दुपार जाई.

आता आमच्याकडची गोष्ट सांगते.

सासूबाईंचं आणि माझं भांडण असं कधी झालंच नाही. स्वयंपाकघर त्यांनी लावलं होतं. मी सकाळी शाळेत जायची घाई म्हणून तिखटाची बरणी खालच्या फळीवर ठेवायची. दुपारी घरी यावं तर बरणी वरच्या फळीवर. मी परत खाली आणायची. संध्याकाळी परत वर. कोणी कोणाला एक शब्द बोललं नाही, बरणी तेवढी वरखाली होत राहिली. मग चहाची गाळणी, मग पोळपाट. नवरा ड्यूटीवरून येई, झोपे आणि जाई. त्याला वाटायचं घरात किती शांतता आहे. दिवाळीच्या तोंडावर मी आईला फोन करून सांगितलं की मी नागपूरला येते आणि वेगळी खोली घेतल्याशिवाय परत जायची नाही. सासूबाईंनीही आपली ट्रंक आवरायला काढली होती, हे मला नंतर कळलं. दोघीही एकमेकींना सोडून निघालो होतो आणि दोघींनाही वाटत होतं की दुसरीनं आपल्याला हाकललं.

एका रविवारी सकाळी आत्या चौकातले दोन हमाल घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल येऊन राहिली, म्हणाल्या, आजच्या आज स्वयंपाक मागच्या खोलीत हलवा. मागच्या खोलीत सासूबाई झोपत. त्या पुढं जातील. आम्ही पुढं झोपत होतो. आम्ही जायचं आताच्या स्वयंपाकघरात. सासूबाईंनी विचारलं की ओल आलेल्या खोलीत पोरांनी झोपायचं का. आत्या म्हणाल्या, "जवान हाये, वाळन." मालकिणीपुढं काय बोलणार? दुपारपर्यंत ट्रंका, पलंग, डबे, देव, सगळं अंगणातून फिरून दुसऱ्या दारानं आत गेलं. कोणती वस्तू कुठं ठेवायची हे आत्या स्वतः सांगत होत्या आणि मुद्दाम सांगितल्यासारखं उलटसुलट सांगत होत्या.

संध्याकाळी सासूबाई शेगडीपाशी उभ्या. वरण उकळत होतं.

"मीठ कुठं हाये व?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. मग दोघी मिळून शोधू लागलो. पलंगाखाली पाहिलं, देवामागं पाहिलं. मीठ सापडेना, पण हळद माझ्या नवऱ्याच्या बुटांच्या खोक्यात सापडली. सासूबाईंनी ते खोकं हातात धरलं, माझ्याकडं पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. मी त्यांना तोवर हसताना पाहिलंच नव्हतं. त्या हसताना सगळ्या अंगानं हसत, पदर तोंडात कोंबून. मी जमिनीवरच बसले. शेवटी आत्यांकडूनच मीठ मागून आणलं; त्यांनी डोळे मिचकावत विचारलं, जेवायचं की समुद्राचं?

त्या घरात आता कोणतीच फळी कोणाची राहिली नव्हती. बरणी कुठं ठेवायची हे आम्हाला एकमेकींना विचारावंच लागलं. दिवाळीला मी नागपूरला गेले ती चार दिवसांसाठी, सासूबाईंनी दिलेला चिवडा घेऊन.

पुढं एकदा आत्या टाकीतले दगड उचलून इकडचे तिकडे करताना दिसल्या. कशाला, म्हणून मी विचारलं. म्हणाल्या की जुन्या माशाला वाटतं की टाकी त्याच्या बापाची. दगड हलवले की त्यालाही घर नवं, येणाऱ्यालाही नवं, मग कोण कोणाला हाकलणार? मी टाकीकडं बघत राहिले आणि मग मागं वळून आमच्या दाराकडं पाहिलं. "भिंतीला ओल नव्हतीच ना?" मी विचारलं. आत्यांनी बाही कोपरापर्यंत ओढली, पाण्यात हात घातला आणि ऐकू न आल्यासारखं केलं.

पण आत्यांच्या नियमांनाही एकदा हार मानायची वेळ आली. पुढच्या उन्हाळ्यात साहेब बिघडला. कशामुळं, ते आत्यांनाही कळलं नाही. त्यानं जांभळीचा पिच्छा धरला. तिचे पर फाटले, ती पंपाच्या मागं तोंड खुपसून राहू लागली, खायला बाहेर येईना. आत्यांनी आरसा लावला, दगड हलवले, दिवसातून चार वेळा खायला घातलं. उपयोग होईना. शेवटी टाकीत मधोमध जाळी लावून साहेबाला एका कोपऱ्यात कोंडलं. तिथून तो दिवसभर जाळीला तोंड लावून जांभळीकडं बघे. रायपूरच्या एका गृहस्थाकडं मोठी टाकी होती. साहेबाला त्यांच्याकडं देऊन टाकायचं आत्यांनी ठरवलं. "मले नाही जमलं," एवढंच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. आत्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते.

त्याच आठवड्यात ती दुपार आली. शाळेला सुट्टी होती, नवरा ड्यूटीवर, आणि आत्या नंदिनीकाकांबरोबर दगड बघायला खाणीकडं गेलेल्या. आमच्या आणि आत्यांच्या भागांमध्ये एक दार होतं, कडी आमच्या बाजूनं. सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या दाराखालून पाणी येताना त्यांना दिसलं. त्यांना वाटलं नळ फुटला. मग त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि मला हाक मारली. "धाव व. खारं हाये."

दार उघडलं तर टाकीच्या एका कोपऱ्याचा जोड सुटला होता आणि पाणी भिंतीवरून चादरीसारखं उतरत होतं. मी आत्यांना फोन लावला. त्या प्रयोगशाळेतल्यासारख्या सरळ, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागल्या. आधी नळीनं पाणी काढून भरून ठेवा, तेच पाणी लागेल. प्लास्टिकचंच भांडं घ्या. तांब्या-पितळेचं लागलं तर मासा मरतो. प्रत्येकाला वेगळं ठेवा. जाळीनं धरू नका, त्यांच्या गालाला काटा असतो, तो जाळीत अडकतो, डब्यानं उचला. प्रत्येकाच्या भांड्यात टाकीची एकेक हवेची नळी सोडा.

सासूबाई तोवर त्यांचं तांब्याचं घंगाळ घेऊन धावत आल्या होत्या. ते मी त्यांच्या हातातून काढून घेतलं. प्लास्टिकचं म्हणाल तर आमच्याकडं होत्या दोन बादल्या, कपड्यांचे दोन टब. पाचवं भांडं नव्हतं, आणि राहिला होता साहेब, सगळ्यांत मोठा. सासूबाई मागं वळल्या. त्यांच्या खोलीत तांदळाचं मोठं प्लास्टिकचं पिंप होतं. त्यांच्या स्वतःच्या धानाच्या बांधीतले तांदूळ, गावाहून आणलेले, वर्षभराचे. त्यातले पाहुण्यांनाही त्या मोजून घालत. त्यांनी पलंगावर चादर पसरली, पिंप आडवं केलं आणि सगळे तांदूळ ओतले. मग पदर खोचून ते पिंप धुवायला बसल्या.

टाकीतलं पाणी आता दगडांपर्यंत उतरलं होतं. चौघं आले डब्यात. साहेब येईना. तो कोपऱ्यात आडवा होऊन पाणी शोधत होता आणि डबा जवळ नेला की शेपटीनं मारत होता. सासूबाईंनी मला बाजूला केलं. दोन्ही हात पाण्यात घातले, डबा त्याच्या पोटाखाली आणला आणि हळू आवाजात त्याच्याशी बोलायला लागल्या, गोठ्यातल्या नव्या गाईशी बोलावं तसं. "ये बापा. कोनी मारत नाही. ये." तो आला. त्यांच्या अंगठ्याला काटा लागला होता, रक्त निघालं होतं. ते त्यांनी पिंपात साहेबाला सोडल्यावरच पाहिलं.

आत्या आणि काका मोटरसायकलवरून आले तेव्हा बैठकीत घोट्याएवढं पाणी होतं, टाकी रिकामी होती आणि आमच्या घरभर बादल्यांमध्ये हवेच्या नळ्या बुडबुडत होत्या. आत्या एकेका भांड्यावर वाकल्या. पाचही जिवंत होते. त्यांनी सासूबाईंच्या पलंगावरचा तांदळाचा ढीग पाहिला आणि त्याच्या शेजारी खाली बसल्या. सासूबाईंनी त्यांना चहा करून दिला.

नवी टाकी होईपर्यंत मासे आमच्याकडंच राहिले. जांभळी माझ्या खोलीत, साहेब सासूबाईंच्या. आत्या रोज पाणी बदलायला येत आणि दर वेळी साहेबाच्या पिंपापाशी सासूबाई बसलेल्या दिसत. त्या त्याला धानाच्या रोवणीचं सांगत, जावांचं सांगत. साहेब त्यांच्या बोटातून पालक खाऊ लागला. आत्यांच्या बोटातून त्यानं कधी खाल्लं नव्हतं. आत्यांना ते जरा लागलं असावं, कारण त्या म्हणाल्या की भूक लागली की कोणाच्याही हातचं खातात. सासूबाई म्हणाल्या, "हो ना," आणि दुसरं पान पुढं केलं.

काकांनी उभं राहून नवी टाकी बनवून घेतली. जोड त्यांनी स्वतः नखानं तपासले. दगड नव्यानं रचले, पाणी भरलं, काही दिवस जाऊ दिले. मग मासे सोडायचा दिवस आला. रायपूरच्या गृहस्थांना आत्यांनी त्याच दिवशी बोलावलं होतं. चौघं टाकीत जाणार आणि साहेब रायपूरला.

सासूबाई पिंपावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"त्याले कावून पाठवता?" त्यांनी विचारलं. "टाकी त आता कोनाचीच नाही."

आत्या त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग काकांकडं पाहिलं. काकांनी मान खाली घालून एक दगड जरासा सरकवला. आत्यांनी रायपूरला फोन केला आणि येऊ नका म्हणून सांगितलं.

आधी जांभळी गेली. मग निखारा, चांद, बांगडी. ते दगडांमधून चाचपडत हिंडू लागले. साहेबाला डब्यात घेऊन सासूबाईच आल्या. तो पाण्यात उतरला, अंग फुलवून क्षणभर थांबला आणि सरळ जांभळीकडं निघाला. आत्यांनी माझं मनगट धरलं. जांभळी एका बिळात शिरली आणि दुसरीकडून निघाली. साहेब त्या बिळापाशी गेला, त्यात त्याचं डोकं मावेना. तो वळला. तिथं दुसरा दगड होता, त्याच्या ओळखीचा नसलेला. तो त्या दगडाला फेरी मारून आला, पुन्हा फेरी मारली. मग बांगडी समोर आली. दोघं एकमेकांभोवती फिरले आणि आपापल्या वाटेनं गेले. आत्यांनी पालक सोडला. जरा वेळानं पाचही जण त्याच एका पानाभोवती होते, जांभळीसुद्धा, साहेबाच्या पोटाखालून टोच मारून पळत. बाकड्यावर आम्ही चौघं ओळीनं बसलो होतो आणि काका, जे दगडाशिवाय कशावर बोलत नसत, ते हसून म्हणाले, "बने होगे, मॅडम." छान झालं.

साहेबानं नंतर कोणाला त्रास दिला नाही असं म्हणणं खोटं होईल. पण एखाद्या कडक मास्तरानं वर्गातून फेरी मारावी तेवढंच. जांभळीचे पर पुन्हा भरून आले.

टाकी तर भरली, पण दगड येत राहिले. अंगणात ढीग झाला. तुळशीभोवती दगड, फाटकापाशी दगड. एका संध्याकाळी आत्या आमच्याकडं पोहे खायला बसल्या असताना सासूबाईंनी सहज विचारलं, "टाकीत त जागा नाही. मग तो मानूस गोटे कावून आनून राह्यला?"

आत्यांचा घास हातात राहिला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सासूबाईंनी पोह्यांवर आणखी शेव घातली आणि विषय बदलला. पण पुढच्या खेपेला काका आले तेव्हा सासूबाईंनीच फाटक उघडलं आणि त्यांना सांगितलं की दगड राहू द्या, रिकाम्या हातानं आलात तरी चालेल. त्यानंतरच्या खेपेला ते रिकाम्या हातानं आले. तेवढ्यावरून सगळ्यांना सगळं कळलं.

दुर्गला जाऊन त्यांनी नोंदणीनं लग्न केलं. साक्षीदार म्हणून सासूबाई गेल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून. भंडाऱ्याहून आत्यांच्या भाच्याचा फोन आला होता की या वयात हे काय. आत्या त्याला म्हणाल्या की आता निवृत्त झाले, वेळ भेटला. काकांचं नंदिनीत घर होतं, आत्यांचं इथं. दोघांनीही एकमेकांच्या घरात जायचं नाकारलं आणि त्याऐवजी इथल्या गच्चीवर दोन खोल्या नव्या बांधल्या. मध्ये मोकळी जागा, दोन टोकांना दोन लहान स्वयंपाकघरं. सासूबाईंना ते पटलं नाही. दोन माणसांना दोन चुली कशाला, म्हणाल्या. आत्यांनी त्यांना वर नेऊन सगळं दाखवलं आणि खाली येताना टाकीखालच्या, माशांच्या खाण्याच्या कपाटाची एक किल्ली त्यांच्या हातात ठेवली. सकाळचा पालक त्या दिवसापासून सासूबाई सोडू लागल्या.

गच्चीवरचं घर लागल्यावर मी एका रविवारी वर गेले. काका एका टोकाला शेगडीपुढं उभे होते, आत्या दुसऱ्या. मला मध्ये खुर्ची दिली. डावीकडून काकांचा काळा चहा आला, आलं ठेचून घातलेला, नाकातून वाफ निघेल असा. उजवीकडून आत्यांचा, दुधाचा, घट्ट. दोघंही आपापल्या दारात उभे राहून माझ्याकडं बघत होते आणि दोघांनाही दुसऱ्याचा चहा कसा झाला हेच ऐकायचं होतं. मी एक घोट याचा घेतला, एक त्याचा. असं करत दोन्ही पेले रिकामे केले, दोन्ही हातांनी दोन्हीकडं पुढं केले आणि म्हटलं, "अजून अर्धा-अर्धा चालेल."